खलबत्ता आणि कांडप

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या शहाद्यात ओळखीच्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, मुलीला लॅपटॉप कोणता घ्यावा?" मी उर्दू आणि मराठी शिकवते, संगणक नाही. पण मोहल्ल्यात शिक्षिकेला सगळंच येतं असं लोक धरून चालतात. हल्ली या प्रश्नाला एक शेपूट जोडलेलं असतं, "दुकानदार म्हणतो, यात दोन ग्राफिक्स आहेत. दोन कशाला लागतात?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. आपला नंदुरबार जिल्हा मिरचीचा. वर्षाचं तिखट करायचं असलं की आपण मिरच्या कांडपावर नेतो. पण सालनात घालायला चार पाकळ्या लसूण आणि चिमूटभर जिरं कुटायचं, तर घरातला खलबत्ताच काढतो. चिमूटभर जिऱ्यासाठी कोणी कांडपाच्या रांगेत उभं राहत नाही आणि दहा किलो मिरची कोणी खलबत्त्यात घालत नाही.

संगणकात पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या भागाला ग्राफिक्स म्हणतात. बऱ्याच संगणकांत प्रोसेसरच्या पोटातच एक छोटं ग्राफिक्स असतं. त्याला स्वतःची वेगळी मेमरी नसते, ते संगणकाच्या मुख्य मेमरीतलाच वाटा वापरतं. वीज कमी खातं, तापत नाही. पत्र टाइप करणं, व्हिडिओ पाहणं, ऑनलाइन फॉर्म भरणं त्याला सहज जमतं. दुसरं ग्राफिक्स कार्ड वेगळं बसवलेलं असतं. त्याची मेमरी स्वतःची, ताकद मोठी, पण विजेची भूकही मोठी. लॅपटॉपमध्ये या दोघांनी आपोआप काम वाटून घ्यावं म्हणून एनव्हिडिया कंपनीने २०१० साली ऑप्टिमस नावाची सोय आणली. अशा लॅपटॉपमध्ये जड चित्र मोठं कार्ड तयार करतं आणि छोट्याच्या हाती देतं. पडद्यावर दाखवण्याचं काम छोट्याकडेच राहतं. तिखट कांडपावर झालं तरी डबा घरचाच असतो, तसं.

ही वाटणी नीट झाली नाही तर काय होतं, ते आमच्याच घरात पाहिलं. माझ्या आपाची मुलगी स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदविकेला आहे. तिच्याकडे जुना घेतलेला, दोन्ही ग्राफिक्स असलेला लॅपटॉप. घराचा आराखडा ब्लेंडरमध्ये उभा करायला घेतला की तो अडकायचा. एक चित्र तयार व्हायला रात्र जायची. एका दुकानात सांगितलं, मशीन संपलं, नवीन घ्या. आपाने भिशीचे पैसे काढायची तयारी केली. दुल्हेभाई मात्र म्हणाले, "दर वर्षी असाच खर्च येणार असेल तर ही लाइन सोड, बीए कर." पोरगी दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही.

मग आम्ही दोघींनी लॅपटॉप उघडून बसायचं ठरवलं. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' पाहिलं. दोन्ही ग्राफिक्स तिथे दिसत होती. ब्लेंडर चालू असताना छोटं धापा टाकत होतं आणि मोठं शून्यावर. "खाला, हे तर झोपलंय!" ती म्हणाली.

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले आणि मग ग्राफिक्स अशा पायऱ्या आहेत. तिथे ब्लेंडर निवडून 'हाय परफॉर्मन्स' केलं. ब्लेंडरच्या आतही प्रेफरन्सेसमध्ये मोठ्या कार्डावर खूण करावी लागते आणि चित्र 'जीपीयू'वर बनव असं सांगावं लागतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक केली म्हणून दुसरी होत नाही. त्या रात्री इशानंतर लावलेलं चित्र जेवणं आटोपेपर्यंत तयार होतं. भिशीला हात लागला नाही. थोड्या पैशांत मेमरी तेवढी वाढवली, कारण छोटं ग्राफिक्स त्यातलाच वाटा घेतं.

दोन ग्राफिक्स म्हणजे दुप्पट वेग, असं मात्र समजू नये. दोघांची बेरीज होत नाही, कामं वाटली जातात. म्हणून ब्राउझर, वर्ड यांना 'पॉवर सेव्हिंग'वरच ठेवावं. वीज गेली तर बॅटरी जास्त टिकते आणि आपल्याकडच्या मे महिन्यात मशीन कमी तापतं. जड काम चार्जर लावूनच करावं.

टेबलावरच्या संगणकात घोळ बहुधा केबलचा असतो. कार्ड वेगळं बसवलेलं असतं, पण मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या जागेत खोचलेली असते. ती कार्डाच्या जागेत लावावी. दोन मॉनिटर दोन्हींवर चालवायचे असतील तर बऱ्याच मदरबोर्डांच्या बायोसमध्ये छोटं ग्राफिक्स आधी चालू करावं लागतं. नवीन संगणक घेताना इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' आहे का तेही पाहा. असेल तर त्यात छोटं ग्राफिक्स नसतं. उद्या कार्ड बिघडलं तर पडदा काळाच राहील.

कामाची ही वाटणी मोठ्या ठिकाणीही असते. पुण्याच्या सी-डॅकमधला 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या वेगवान महासंगणकांच्या यादीत ६३वा होता. त्यातही साधे प्रोसेसर आणि ग्राफिक्सच्या चिप सोबतीने काम करतात.

तेव्हा मायबहिणींनो, "मशीन संपलं" असं कोणी म्हटलं तर पैसे काढण्याआधी एवढंच विचारा: यात ग्राफिक्स किती आहेत, आणि मुलीचं काम त्यातलं कोणतं करतंय? उत्तर दुकानदाराच्या तोंडून ऐकू नका, पडद्यावर दाखवायला सांगा.