शेवटला थांबा

विलायतेच्या प्रवासवर्णनांची आपल्या वाचकांस वाण नाही. तेथून परतलेला गृहस्थ राजवाडे, पूल, वस्तुसंग्रहालये आणि धुके यांचे मोठ्या हौसेने वर्णन करतो. परंतु त्या राजवाड्यापर्यंत तो पोचला कोणत्या गाडीने, तिकीट कोठे काढले आणि रात्री मुक्कामावर परतला कसा, हे बहुधा गाळतो. आमच्या मते शहराची खरी ओळख या गाळलेल्या भागातच असते. राजवाडा पाहुण्यांसाठी, बस आणि आगगाडी घरच्या माणसांसाठी. घराची पारख दिवाणखान्यावरून करू नये, स्वयंपाकघरावरून करावी, हा न्याय शहरासही लागू आहे.

काही वर्षांपूर्वी ग्रंथालयातील कामानिमित्त आम्हांस लंडनमध्ये तीन महिने राहण्याचा योग आला. मुक्काम शहराच्या वायव्येस हॅरो या उपनगरात, आमच्या मावशीकडे. आणि काम ब्रिटिश लायब्ररीत. हॅरोहून किंग्ज क्रॉसपर्यंत नेणारी गाडी मेट्रोपॉलिटन मार्गाची. जगातील पहिली भुयारी आगगाडी ती हीच. १० जानेवारी १८६३ रोजी ती पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन धावू लागली, तीही वाफेच्या इंजिनाने. भुयारात कोळशाचा धूर कोंडत असे आणि उतारू खोकत बाहेर पडत. तरी गर्दी हटली नाही. वाचकांस सुखवावे म्हणून येथेच नमूद करतो की, बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, म्हणजे या भुयारी गाडीच्या जवळजवळ दहा वर्षे आधी. वडीलकीच्या नात्याने मुंबईने मान खाली घालण्याचे काही कारण नाही.

नवख्याला लंडनमध्ये वाट सापडते ती एका नकाशामुळे. हॅरी बेक नावाच्या आरेखकाने तो १९३१ साली काढला आणि १९३३ साली तो लोकांच्या हाती पडला. बेकने एक साधी गोष्ट ओळखली होती: भुयारातील माणसास आपण कोणत्या रस्त्याखाली आहोत याच्याशी कर्तव्य नसते, कोणते स्टेशन कोणानंतर येते आणि गाडी कोठे बदलायची, एवढेच त्यास हवे असते. म्हणून त्याने अंतरांचा हिशेब सोडून दिला, सगळ्या रेषा सरळ वा तिरप्या केल्या आणि ओळखीसाठी थेम्स नदी तेवढी ठेवली. त्यामुळे फसगतही होते. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर चालत गेल्यास पाच मिनिटांचे. पण नकाशावर विसंबलेला परदेशी पाहुणा त्यासाठी जमिनीखाली उतरतो, गाडीची वाट पाहतो आणि वर येतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण लंडनमध्येही खरी ठरते.

बाकी रीती दोन दिवसांत अंगवळणी पडतात. सरकत्या जिन्यावर उभे राहायचे ते उजव्या हातास. डावी बाजू घाई असलेल्यांची. स्टेशनात शिरताना आणि बाहेर पडताना कार्ड पिवळ्या चकतीला लावायचे. बसमध्ये मात्र चढतानाच. बसमध्ये रोख पैसे घेणे २०१४ सालापासून बंद आहे. दिवसभरात कितीही फेऱ्या झाल्या तरी भाडे एका ठरावीक मर्यादेपलीकडे कापले जात नाही. ही शेवटची युक्ती आम्हांस फार मोलाची वाटली. वाट चुकलेल्या माणसास, दोन ठिकाणी काम असलेल्या मोलकरणीस, बस बदलून जाणाऱ्या विद्यार्थ्यास तेथे दर फेरीला नवा दंड पडत नाही.

हे जुळले कसे? बेकचा नकाशा निघाला त्याच १९३३ साली लंडनच्या भुयारी गाड्या, ट्रॅम आणि बस या सर्वांसाठी एकच मंडळ स्थापन झाले. आजची व्यवस्था २००० सालापासून निराळ्या नावाने चालते. पण तत्त्व तेच. उतारूचा प्रवास घरापासून कामापर्यंत एकच असतो. त्याचे तुकडे पडतात ते मालक अनेक असल्यामुळे. उतारू एक, तर हिशेबही एक असावा, असे त्या शहराने ठरविले.

या व्यवस्थेचा अर्थ आम्हांस कळला तो नकाशावरून नव्हे, तर मावशीवरून. मावशी मूळची आमच्या पालीची. भाईंदरच्या पश्चिमेस, उत्तनला लागून समुद्रकाठी वसलेले हे कोळ्यांचे गाव. बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, किनाऱ्यास होड्या लागलेल्या, आणि खाडीपलीकडे वसई. साठी उलटल्यावर ती मुलाकडे लंडनला गेली. तिचे इंग्रजी दहा-वीस शब्दांपलीकडे जात नाही. आमची समजूत अशी की, बिचारी घरात कोंडली असेल. प्रत्यक्षात ती घरी सापडणेच कठीण! तेथील वृद्धांस फुकट प्रवासाचा पास मिळतो. सकाळची गर्दी सरली की मावशी निघे; देशी भाजीसाठी वेम्ब्लीस बसने, आणि मराठी मंडळींचा काही कार्यक्रम असला म्हणजे महाराष्ट्र मंडळात. त्यासाठी वेम्ब्ली पार्कला गाडी बदलून डॉलिस हिलला उतरावे लागते. स्टेशनांची नावे तिला वाचता येत नसत. ती रंग ओळखी आणि थांबे मोजी. एकदा आम्ही सोबत येऊ का म्हणून विचारले, तर म्हणाली, "अरे, सोबत कशाला? इथं मला कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही. बस येते, मी जाते. पालीला असताना साधं भाईंदरला जायचं, तर तुम्हा पोरांना वेळ कधी होतो याची वाट बघत बसायची."

त्या एका वाक्याने आम्हांस विचारात पाडले. स्वातंत्र्यावर आम्ही महाविद्यालयात तीस वर्षे व्याख्याने देत आहो; मिल्लचा ग्रंथ आम्हांस जवळजवळ पाठ आहे. परंतु सत्तरी गाठलेल्या स्त्रीस कोणाचीही मनधरणी न करता घराबाहेर पडता येणे, ही स्वातंत्र्याची व्याख्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आमच्या वाचनात आली नव्हती.

आता पालीहून मुंबईस जाण्याचा मार्ग पाहू. गावातून बस धरायची. ती डोंगरी, मोर्वा, राई, मुर्धा अशी गावे आणि मिठागरे ओलांडून भाईंदर स्टेशनावर आणते. तेथून लोकलने चर्चगेट, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. पुढे पुन्हा बस, नाहीतर पाय. दुसरी वाट गोराईच्या खाडीवरून होडीने बोरिवलीस जाते. वसई तर समोर दिसते. तिकडे भाईंदरहून वाहनांसकट नेणारी बोट २०२४ साली सुरू झाली. मेट्रोचे खांबही भाईंदरपर्यंत येऊन ठेपले आहेत. साधनांची कमतरता आहे असे म्हणता येत नाही. कमतरता आहे ती सांध्यांची. बसचा हिशेब निराळा, लोकलचा पास निराळा, मेट्रोचे तिकीट निराळे. आणि लोकल पोचली म्हणून बस थांबेल असा कोणाचा कोणाशी करार नाही.

कोणी म्हणेल, प्राध्यापकमहाशय विलायतेची तळी उचलू लागले. तसे नाही. १८६७ साली विरारहून मुंबईस गाडी सुरू झाली आणि १९२८ साली या मार्गावर विजेच्या गाड्या आल्या. तेव्हापासून या लोहमार्गाने लक्षावधी माणसांस जितक्या स्वस्तात पोटापाण्यास लावले, त्याला जगात तोड क्वचितच सापडेल. लंडनच्या गाडीत शेजारी वर्तमानपत्राआड दडतो. आमच्या गाडीत "जरा सरका" म्हणताच तिघांच्या बाकावर चौथ्यास टेकायला मिळते. मासळीच्या पाट्या घेऊन मालडब्यात बसणाऱ्या कोळणी, भजने म्हणणारी मंडळी, डाळिंबाचे दाणे सोलत घरी निघालेल्या नोकरदार स्त्रिया, ही माणुसकी कोणत्याही मंडळास कायद्याने निर्माण करता यायची नाही. परंतु माणुसकीने सांधे भरून निघतात हे गृहीत धरून सांधे तसेच ठेवावे, हा न्याय नव्हे.

ते सांधे कोणास बोचतात? ज्याच्या दारी मोटार उभी आहे त्यास नव्हे. आमच्या वर्गात या किनाऱ्यावरच्या मुली शिकून गेल्या. त्यांतील एक फार बुद्धिमान. वाचनालय रात्री आठपर्यंत उघडे असे. पण ही सहाच्या सुमारास पुस्तक मिटून उठे. आम्ही एकदा कारण विचारले. ती म्हणाली, "सर, लोकल रात्रीपर्यंत मिळते. पण स्टेशनावर उतरल्यावर बस गेलेली असली, तर एकटीला रिक्षा करावी लागते. घरी ते चालत नाही, आणि रोज परवडतही नाही." रोजचे दोन तास, तीन वर्षांचे किती होतात, हा हिशेब वाचकांनीच करावा. ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. परंतु ज्या पुस्तकांची पाने त्या दोन तासांत उलटली गेली नाहीत, त्यांची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत नाही.

मोठ्या शहराच्या वाहतुकीची चर्चा आपल्याकडे नेहमी मधल्या भागाची होते: किती गाड्या, किती वेग, किती भुयारे. त्या गोष्टी महत्त्वाच्याच. पण मधला भाग सर्वांचाच असतो, आणि त्याची काळजी घेणारेही पुष्कळ असतात. टोकाच्या माणसास आपल्या वाटणीचे शहर मिळते ते शेवटच्या सांध्यापर्यंत. तो सांधा निखळला की चर्चगेटपासून भाईंदरपर्यंतचा सगळा वेग त्याच्यापुरता व्यर्थ.

म्हणून नव्या मार्गांची आखणी करणाऱ्या विद्वानांस आमची एक नम्र सूचना आहे. लंडन, पॅरिस अवश्य पाहून यावे. पण आराखड्यावर सही करण्यापूर्वी एक दिवस रात्री साडेनऊच्या सुमारास, मोटार घरी ठेवून, भाईंदरला लोकलमधून उतरावे आणि पालीस जाऊन दाखवावे. शक्य झाल्यास सोबत एखादी सत्तर वर्षांची मावशी घ्यावी.