दहा मिलिसेकंदांचा टाका

पट्टी सेलला चिकटली आणि मी लगेच त्या जोडावर बोट ठेवलं. गार! अहो, आत्ता माझ्या डोळ्यांदेखत तिथला धातू वितळला होता. निकेल वितळायला १४५५ अंश सेल्सिअस लागतात. ते वितळलं, खालच्या पोलादी डब्याशी एकजीव झालं, पुन्हा घट्टही झालं, आणि माझ्या बोटाला साधा कोमटपणा जाणवू नये? मी तोंड उघडं टाकून त्या कारागिराकडे बघत राहिले. तो पुढच्या ठिपक्याची तयारी करत होता. त्याचं हे रोजचंच.

हे सगळं मामाच्या फवारणी पंपामुळे सुरू झालं. नारायणगावजवळ मामाची टोमॅटोची शेती आहे. पाठीवरचा १६ लिटरचा बॅटरी पंप, त्यात १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी. ती म्हातारी झालेली, अर्ध्या वावरातच मान टाकायची. "अगं, तू ते वायरी-बियरींचं करत बसतेस ना, बघ की जरा," मामा म्हणाला. दिवसभर लोकांची हिशेबाची पुस्तकं तपासणाऱ्या बाईला संध्याकाळी अजून काय हवं असतं?

शोधता शोधता गाठ पडली ती ३२७०० या सेलशी. व्यास ३२ मिलिमीटर, लांबी ७०. आतली रसायनं लिथियम आयर्न फॉस्फेटची. एका सेलचे ३.२ व्होल्ट, चार एका रांगेत जोडले की १२.८. म्हणजे पंपाला पत्ताही लागणार नाही की आत नवा पाहुणा आलाय! जुनी बॅटरी सव्वादोन-अडीच किलोची, आणि हे चार सेल मिळून जेमतेम अर्ध्या किलोच्या वर. पाठीवर १६ लिटर औषध घेऊन सऱ्यांमधून चालणाऱ्या माणसाच्या खांद्यांना विचारा हा फरक.

या रसायनाच्या मूळ शोधनिबंधावर, १९९७ सालच्या, तीन नावं आहेत: पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ. तिसरे ते जॉन गुडइनफ, ज्यांना २०१९ मध्ये वयाच्या ९७व्या वर्षी नोबेल मिळालं. पहिली दोन नावं वाचून मी उगाचच खूश झाले.

सेल आणि निकेलची पट्टी पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळाली. घरी सोल्डरिंग गन होतीच. मला वाटलं, आता डाग दिला की झालं. पण दुकानदारानंच पुडी बांधता बांधता हटकलं, "ताई, सेलला सोल्डर नका मारू हं. स्पॉट वेल्ड मारून घ्या."

का, ते घरी येऊन वाचलं आणि दुकानदाराचे मनोमन आभार मानले. सेलच्या पोटात धन आणि ऋण पत्र्यांची लांबच लांब गुंडाळी असते, आणि दोघांच्या मध्ये प्लॅस्टिकचा तलम पडदा. पॉलिएथिलीनचा पडदा असेल तर तो साधारण १३० अंशांना वितळायला लागतो. सोल्डरिंगचं टोक असतं साडेतीनशे अंशांच्या आसपास. बरं, नुसतं टेकवून भागत नाही. सेलचा डबा उष्णता पिऊन टाकतो, म्हणून सोल्डर धरेपर्यंत कित्येक सेकंद दाबून बसावं लागतं. तेवढ्यात ती उष्णता थेट गुंडाळीपर्यंत पोचते. सेल लगेच मरत नाही. वरून ठणठणीत दिसतो आणि आतून खचलेला असतो, म्हणून तर जास्त भीती.

मग पत्ता विचारत विचारत त्या कारागिराकडे पोचले. इलेक्ट्रिक सायकलींचे पॅक बांधणारं एका खोलीचं वर्कशॉप. टेबलावर एक पेटी, तिला तांब्याच्या दोन टोकदार पिना, खाली पायाचं पेडल. मी सेल पुढे केले तर त्यानं आधी माझ्या हाताकडे पाहिलं. "ताई, त्या बांगड्या काढा. अंगठीपण." मग एका सेलचं डोकं दाखवलं. मधली टोपी धन. पण तिच्याभोवतीची कड? ती डब्याचीच, म्हणजे ऋण! दोन्हींमध्ये केसभर अंतर आणि वर नुसतं पातळ प्लॅस्टिकचं वेष्टण. पट्टी त्या कडेवर घासली, वेष्टण फाटलं, की शॉर्ट. म्हणून प्रत्येक धन टोकावर आधी बार्ली पेपरची चकती चिकटवायची, मगच पट्टी. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं!

आणि मग तो टिक् आवाज. पिना पट्टीवर टेकल्या, पेडल दाबलं, दोन बारीक ठिपके उमटले. संपलं.

घरी येऊन मी रात्री कागद-पेन घेऊन बसले. समजा १००० अँपिअरचा प्रवाह. वाटेतला रोध एका ओहमचा हजारावा भाग. वेळ १० मिलिसेकंद. शाळेतला जूलचा नियम लावा: प्रवाहाचा वर्ग, गुणिले रोध, गुणिले वेळ. उत्तर येतं १० जूल. फक्त दहा! एवढ्या उष्णतेनं चमचाभर पाणी अर्धा अंशसुद्धा तापणार नाही. पण तीच उष्णता टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत, डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी ओतली, की तिला पसरायला सवडच मिळत नाही. जिथल्या तिथे धातू वितळतो, आणि आजूबाजूच्या डब्याला खबर लागेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. माझं बोट गार का राहिलं ते आता कळलं.

याहून भारी गोष्ट पुढे आहे. उष्णता नेमकी जोडाच्याच जागी का तयार होते? तांब्याच्या पिना वीज सहज नेतात, त्या फारशा तापत नाहीत. पट्टी आणि डबा जिथे एकमेकांना नुसते टेकलेले असतात, तिथे सर्वांत जास्त रोध. म्हणून तिथेच सर्वांत जास्त आग! निकेलचा रोध तांब्याच्या जवळजवळ चौपट, आणि तोच इथे त्याचा गुण. तांब्याची पट्टी या साध्या मशीनवर दाद देत नाही, ती वीजही वाहून नेते आणि उष्णताही. आणि दाब? पिना फार जोरात दाबल्या तर रोध घटतो, टाका कच्चा बसतो. हलक्या धरल्या तर ठिणगी उडून भोक पडतं. कारागिराचं सगळं कसब त्या मनगटात.

पट्टीच्या टोकाला मधोमध चीर का असते, तेही असंच कळलं. दोन्ही पिना एकाच बाजूनं टेकतात. प्रवाह आळशी, तो एका पिनेतून दुसरीकडे पट्टीतूनच पळू पाहतो. चिरेनं ती जवळची वाट तुटते आणि त्याला खाली डब्यात उतरून पलीकडे वर यावं लागतं. एक साधी चीर! मूळ कल्पनाही जुनीच: रोधातून वेल्डिंग करण्याचं पेटंट एलिहू थॉमसननं १८८६ मध्ये घेतलं. म्हणजे आपल्याकडच्या मोटारींच्या पत्र्यांपासून मामाच्या पंपापर्यंत तीच कल्पना चालत आली आहे.

पट्टीबाबत मात्र डोळे उघडे ठेवा. निकेल म्हणून निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद सर्रास खपवतात. चुंबक लावून कळत नाही, कारण चुंबकाला निकेलही चिकटतं. पट्टीवर खोल ओरखडा काढायचा आणि मिठाच्या पाण्यात ठेवून द्यायची. तांबूस गंज आला की समजायचं, पोलाद आहे. माझी वाटी स्वच्छ राहिली आणि मी स्वयंपाकघरात चक्क टाळी वाजवली.

टाका पक्का आहे की नाही, याची परीक्षा कारागिरानं एका भंगार सेलवर करून दाखवली. पक्कडीत पट्टी धरून खस्सकन ओढली. पट्टी फाटली, तिला भोकं पडली, आणि निकेलचे ठिपके सेललाच चिकटून राहिले. पट्टी फाटेल पण टाका सुटणार नाही! इंटरनेटवर लोक जुन्या मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरपासून असं वेल्डिंगचं मशीन घरी बनवतात. मूळ ट्रान्सफॉर्मरमधून दोनेक हजार व्होल्ट निघतात आणि मायक्रोवेव्हचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही वीज धरून बसतो. त्या वाटेला मी तरी जाणार नाही.

बाकीचं काम भराभर झालं. बीएमएसच्या, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटच्या, वायरी पट्टीच्या बाहेर काढलेल्या शेपटीला, म्हणजे सेलपासून दूर, सोल्डर केल्या. बीएमएसमध्ये प्लग घालण्याआधी मल्टिमीटरनं एकेक टप्पा मोजला: ३.२, ६.४, ९.६, १२.८. आकडे असे ओळीनं चढताना पाहून जे वाटलं ते ताळेबंद जुळल्यावरही वाटत नाही. वर निळं हीट श्रिंक, १४.६ व्होल्टचा वेगळा चार्जर, आणि पॅक एसटीनं माझ्यासोबत नारायणगावला.

मामानं पंप पाठीवर घेतला, खांदे हलवून पाहिले आणि विचारलं, "अगं, आत बॅटरी घातलीस ना नक्की?" संपूर्ण वावर फवारून झालं तरी पंपाचा जोर तसाच. संध्याकाळपर्यंत बांधावरच्या दोघा शेजाऱ्यांनी आपापले पंप ओट्यावर आणून ठेवले होते. मी हो म्हणून बसलेय. आठ सेल, पट्टी, बार्ली पेपर अशी यादी तयार आहे. फक्त या खेपेला पेडलवर पाय माझा असणार, हे त्या कारागिराला अजून सांगायचंय.