जन्मानें गुन्हेगार

ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी नातेपुत्यास मुक्कामास येते, तेव्हां गांवांत पोलीस बंदोबस्त वाढतो. तो असावाच, गर्दींत खिसे कापले जातात. परंतु पहिली झडती गांवाबाहेरच्या पारध्यांच्या पालांचीच कां, असें आम्हीं घरांत विचारलें, तेव्हां वडील मंडळी म्हणाली, "त्यांची जातच तशी!"

हा न्याय १८७१ च्या कायद्याचा. इंग्रज सरकारनें त्या अन्वयें सबंध जमातीच गुन्हेगार ठरविल्या. मूल जन्मलें कीं संशयित! सोलापुरांत तर त्यांना 'सेटलमेंट'मध्यें तारेच्या कुंपणाआड ठेवून हजेरी घेत. १९५२ सालीं कायदा गेला. तरीही विमुक्तांना मनमानीनें अटक होऊं नये, हें पोलिसांस बजावण्याची पाळी सर्वोच्च न्यायालयावर ऑक्टोबर २०२४ मध्यें आली!

अमेरिकेंत २०२० सालीं पोलिसाच्या गुडघ्याखालीं जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णी गृहस्थ मेला आणि लाखों लोक रस्त्यावर उतरले. तेव्हां आमच्या घरीं केवढी हळहळ! वर्णद्वेषावर रात्रीं जेवणें होईपर्यंत चर्चा चालली. पुढें विमुक्तांचा मोर्चा माळशिरसच्या कचेरीवर जाणार असें कळलें, तेव्हां त्याच मंडळींनीं एस. टी. वेळेवर सुटेल ना, एवढीच चौकशी केली.