पाते आधी, नाव नंतर

जुनी तलवार समोर आली की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ही कोणाची? जपानमधले तलवारींचे पारखी हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारतात. तलवारी जमवण्याची ऐपत माझ्याजवळ नाही. मुलुंडच्या दोन खोल्यांत पुस्तकांनाच जागा अपुरी पडते. परंतु गेली काही वर्षे जपानी तलवारींच्या पारखीविषयी हाती येईल ते वाचत आले आहे, आणि बखरवाङ्मय शिकवणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचन फिरून आपल्याच विषयापाशी आणून सोडते.

जपानी तलवारीची मूठ कायमची बसवलेली नसते. बांबूची एक लहानशी खुंटी काढली की मूठ, तिच्यापुढची चकती (तिला ‘त्सुबा’ म्हणतात) आणि बाकीचा साज सुटा होतो आणि मुठीत दडलेला पात्याचा भाग उघडा पडतो. घडवणाऱ्याने आपले नाव कोरलेच असेल, तर ते तेथे. त्या भागावरचा गंज कधीही घासून काढायचा नाही, असा दंडक आहे. कारण गंजाचा रंग हाच वयाचा एक पुरावा. साज मात्र मालकाच्या ऐपतीप्रमाणे आणि काळाच्या आवडीप्रमाणे बदलत जातो. सोळाव्या शतकातल्या पात्यावर एकोणिसाव्या शतकातली त्सुबा असली, तर त्यात वावगे काही नाही. म्हणून पात्याची पारख वेगळी आणि साजाची वेगळी.

नावाविषयीची सावधगिरी तर याहून मोठी. सतराव्या शतकातला कोतेत्सु हा नामांकित कारागीर. त्याच्या नावाच्या बनावट सह्या इतक्या झाल्या, की त्याचे नाव दिसताच जाणकार प्रथम संशय घेतात. पारख शिकवताना कोरलेले नाव झाकून ठेवतात. पात्याचा बाक, पोलादाचा पोत, धारेलगतची पांढुरकी लहर यांवरून काळ, प्रांत आणि परंपरा सांगायची. नाव त्यानंतर उघडायचे. होनामी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या हे काम केले. त्यांच्या निर्णयाच्या घडी घातलेल्या कागदाला ‘ओरिगामी’ म्हणत. हा शब्द आपण मुलांच्या कागदी पक्ष्यांमुळे ओळखतो, इतकेच.

साहित्याच्या विद्यार्थ्याला ही शिस्त अनोळखी वाटू नये. पोथीच्या शेवटी कर्त्याचे नाव आहे म्हणून ती त्याची ठरत नाही. भाषा, लेखनपद्धती, पाठभेद पाहावे लागतात. बखर काय सांगते आणि अस्सल पत्र काय सांगते, हे वेगळे ठेवण्याचा आग्रह इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पिढीने धरला, तो याच कारणासाठी.

आपल्या तलवारींना ही दृष्टी लावली की मनोरंजक गोष्टी दिसू लागतात. मराठी तलवारीचे पाते मुठीत बहुधा राळ-लाखेने पक्के केलेले असते, त्यामुळे आतला भाग सहसा कोणी पाहत नाही. पण पाते व मूठ यांची जन्मभूमी येथेही पुष्कळदा निरनिराळी असते. युरोपातून आलेल्या पात्याला येथील कारागिराने मूठ बसवली, की तिला आपले पूर्वज ‘फिरंग’ म्हणत. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार राज्य शासनाने 2025 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावातून मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिच्या पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचे नाव आहे, सेनासाहेब सुभा ही पदवी आहे, आणि शेवटी ‘फिरंग’ हा शब्द आहे. ज्यांनी तो लेख कोरवला, त्यांना परक्या पात्याचा संकोच वाटला नव्हता. तो आपल्याला वाटतो.

हा संकोच कोठून आला असावा? जपानमध्ये 1876 साली सामुराईंना तलवार लावून हिंडण्याची मनाई झाली. आपल्याकडे इंग्रजांचा हत्यारांचा कायदा 1878 चा. दोन वर्षांच्या अंतराने दोन्हीकडे तलवार कमरेवरून उतरली. पण तेथे पारख करणारे, पारखीचे ग्रंथ आणि संग्राहक टिकून राहिले. आपल्याकडे पाते हाताने ओळखणारे शिकलगार होते; त्यांचे ज्ञान फारसे कोणी लिहून घेतले नाही. तलवार देवघरात गेली आणि तिच्यासोबत फक्त नाव उरले.

घाटकोपरच्या एका विद्यार्थ्याच्या घरी अशी तलवार आहे. पाते सरळ व लांब, मूठ मराठी वळणाची. घरात सांगतात की ती पानिपतावरून परत आली. दर खंडेनवमीला ती चिंचेने आणि पुढे पॉलिश पेपरने घासून लखलखीत करतात. त्यामुळे पात्यावरच्या खुणा जवळजवळ पुसल्या गेल्या आहेत. तिरप्या उजेडात दात्यांच्या दोन अर्धचंद्राकृती रेघा तेवढ्या दिसतात. ही खूण मूळची इटलीकडची मानतात, पण तिची नक्कल युरोपात इतरत्र झाली, कॉकेशसात झाली आणि हिंदुस्थानातही झाली. तेव्हा एवढ्यावरून पात्याचे गाव ठरत नाही.

विद्यार्थ्याच्या काकांना माझ्याकडून ‘पानिपतची तलवार’ असा कागद हवा होता. मी कागद लिहिला. लांबी, रुंदी, मुठीचा घाट, खुणांची जागा, घासल्याने झालेली झीज हे सारे आधी नोंदवले. मग ओळ सोडून लिहिले : ‘ही तलवार पानिपतावरून आली, असे घराण्यात सांगतात.’ काका नाराज झाले. आजींनी मात्र कागद वाचून घेतला आणि विचारले, “बाई, पानिपत खोडलंत की काय?”

“नाही आजी, वेगळ्या ओळीत लिहिलंय.”

“मग असू दे,” त्या म्हणाल्या. “आम्ही सांगतो ते आमच्या नावावर.”

पाठचिकित्सेचे इतके स्वच्छ सूत्र मला वर्गात कधी सांगता आलेले नाही. दंतकथा त्या घराविषयी काही सांगते, पाते लोखंडाविषयी; एकाची साक्ष दुसऱ्याच्या तोंडी घालू नये, एवढेच.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असे पाते असेल, तर येत्या खंडेनवमीला ते घासू नये, मूठ उपसू नये; कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हलका हात द्यावा. फूल वाहण्याआधी पात्याच्या दोन्ही बाजूंची, पाठीची आणि मुठीची छायाचित्रे घ्यावीत. घरातल्या वडीलधाऱ्यांची हकिगतही लिहून ठेवावी, वेगळ्या पानावर.