आईच्या ओव्या

तुमच्याही कपाटात जुन्या सीडी असतील ना? आई गेली, तिच्या ओव्यांची एकच सीडी आमच्याकडे उरली. बेंगळुरूच्या डिसेंबरात ती सीडी रात्रभर गाडीतच राहिली. सकाळी घरात आणली, तर इडलीच्या वाफेनं तिच्यावर धुकंच धरलं. प्लेअर म्हणे, डिस्क नाही! पोटात गोळाच आला माझ्या.

पण इथल्या 15 अंशांच्या थंडीनं सीडीचं प्लास्टिक बिघडत नाही. गार चकतीवर दमट हवेचं पाणी बसतं, लेझरच्या आड येतं, एवढंच. गोल गोल पुसू नका. मऊ कापडानं मधून कडेकडे पुसा, किंवा नुसतं थांबा. उन्हात मात्र ठेवू नका. घरी भरलेल्या सीडीत आवाज रंगाच्या थरात असतो, तो उन्हानं उडतो.

अर्ध्या तासानं आई गायला लागली. त्याच दुपारी ओव्या फोनमध्ये उतरवल्या. धाकटीनं आजीचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.