हिरवी उलटी आणि पहिली शी

गाय व्याली की आपण काय काय पाहतो? वार पडली का, वासराने चीक ओढला का. आणि घरात जुना जाणता माणूस असेल तर तो शेपटी उचलून शेणाची वाट मोकळी आहे ना, तेही पाहतो. क्वचित एखाद्या वासराला ती वाटच नसते. पहिल्या दिवशी ते चांगले पिते, मग पोट फुगते आणि गुरांच्या डॉक्टरांकडे धाव घ्यावी लागते. गावोगाव हिंडताना मी असे वासरू दोनदा पाहिले आहे. माणसाच्या बाळालाही असेच होऊ शकते, हे मात्र पुष्कळ घरांत ठाऊक नसते. बाळाची पाचवी, बारसे सगळ्यांच्या ध्यानात राहते. पहिली शी कधी झाली, असे विचारले तर घरची माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

हा प्रकार विरळा खरा, काही हजार बाळांत एखाद्याला होणारा. पण त्याच्या तऱ्हा अनेक आहेत. कुणाचे आतडे मध्येच बंद असते, कुणाची शौचाची जागाच तयार झालेली नसते. कुणाच्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी नसतात. वाट उघडी असूनही तो भाग शी पुढे ढकलत नाही. सर्वांत घातकी प्रकार पिळाचा. गर्भातले आतडे काही आठवडे नाळेत वाढते आणि साधारण दहाव्या आठवड्यात वळण घेत पोटात परत येते. हे वळण अर्धवट राहिले तर आतडे जागच्या जागी बांधले जात नाही, आणि जन्मानंतर त्याला दोरासारखा पीळ पडतो. पिळात रक्तवाहिन्या आवळतात, आणि काही तासांत आतडे काळे पडू लागते.

बाळाने पांढरी गुळणी टाकली तर भिऊ नये, ती सगळीच बाळे टाकतात. उलटी हिरवी झाली तर ते पित्त असते. डॉक्टर तपासून नाही म्हणेपर्यंत पुढची वाट अडली आहे असेच धरावे. काळपट, डांबरासारखी चिकट पहिली शी पुऱ्या दिवसांच्या बहुतेक बाळांना २४ तासांत होते. दिवस उलटून गेला तरी झाली नाही तर बाळाला दाखवावे. पण शी झाली म्हणून हिरव्या उलटीकडे काणाडोळा करू नये. पीळ पडलेल्या बाळाला आधी शी झालेली असते, पोटही पुष्कळदा मऊच लागते, आणि घरची माणसे तिथेच फसतात.

काही वर्षांपूर्वी भातावरचा करपा पाहायला महामार्गापलीकडच्या एका गावी गेलो होतो. त्या घरची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ तिसऱ्या दिवसाचे. ओटीवर आजी सहाणेवर वेखंड आणि मुरुडशेंग उगाळीत बसल्या होत्या. "साहेब, पोराला दूध बाधलंय, सकाळपासून ओकतंय," त्या म्हणाल्या. दोरीवर वाळत घातलेल्या दुपट्यावर दुर्वांच्या रसासारखा डाग होता. माझी थोरली बहीण सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. हिरवी उलटी दिसली की गुटी नाही, सर्जन, हे तिचे नेहमीचे बोलणे. मी म्हटले, "आजी, ही गुटी ठेवा बाजूला. आता तोंडावाटे काही देऊ नका, आईचे दूधही नको. आधी डॉक्टर." आजींना ते रुचले नाही. तान्ह्या पोराला उपाशी ठेवायचे म्हणजे काय! पण बाळाचा बाप उठला आणि त्याने रिक्षा आणली. वसईत फोटो काढला, त्याच रात्री बाळ मुंबईला गेले. पीळच होता. तो सोडवला गेला आणि आतडे वाचले.

पुढे त्या घरात वेगळेच सुरू झाले. सासरकडची मंडळी आली आणि पोरीने ग्रहणात विळी हातात घेतली होती काय, याची चौकशी करू लागली. मला याचा फार राग येतो. १९५५ साली दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या लाऊ आणि बर्नार्ड या डॉक्टरांनी कुत्रीच्या पोटातल्या पिल्लांच्या आतड्याचा रक्तपुरवठा बांधून पाहिला. पिल्ले जन्मली ती बंद आतड्याची. म्हणजे लहान आतडे असे मध्येच बंद होते ते बहुधा गर्भातच रक्त तुटल्यामुळे. (हेच बर्नार्ड पुढे १९६७ साली माणसाचे हृदय बदलून जगप्रसिद्ध झाले.) पिळाचे आणि शौचाच्या जागेचे दोष निराळ्या कारणाने होतात, पण यातल्या कशालाही ग्रहण, विळी किंवा आईने खाल्लेली पपई कारण नाही.

उपचाराची सोय आपल्यापासून फार लांब नाही. परळचे बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय १९२९ पासून आहे, शेजारी केईएम आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातला आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरलाच झाला; तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांना बाळाच्या शीचे मोकळेपणाने सांगावे, पण हिरवी उलटी झाली तर त्यांच्या फेरीची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार २०११ पासून मोफत आहेत. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले योजना आहे, म्हणून रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर घ्यावे.

जवळच्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितले, तर निघण्यापूर्वी नळी घालून बाळाचे पोट रिकामे करता येईल का, हे त्यांना जरूर विचारा. वाटेत उलटी छातीत जाण्याचा धोका त्याने कमी होतो. बाळाला टोपी घाला, उबदार गुंडाळा. पावसाळ्यात तर फारच जपा. आईला शक्य असेल तर बरोबर न्या. शस्त्रक्रियेनंतर आतडे चालू लागले की थेंबथेंब तिचेच दूध द्यायचे असते, तोवर ते पिळून काढत राहावे लागते, नाहीतर आटते. आणि डाग पडलेले दुपटे धुऊ नका. तसेच पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा, म्हणजे रंग कसा होता हे सांगत बसावे लागत नाही.