तरोट्याचे कार्ड

पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीने शिकवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले. आपल्या मुलांच्या दप्तरात आज त्याचे पुस्तक आहे. परंतु वाघ-सिंहांची चित्रे चिकटवून गुण मिळवणाऱ्या मुलाला खोलीमागच्या झाडाचे नाव विचारा, तो गप्प बसतो. प्रकल्पाचे तक्ते तर स्टेशनरीच्या दुकानात तयारच मिळतात. आई-बापाचे पैसे जातात आणि मुलाच्या पदरात काहीच पडत नाही.

म्हणून गेल्या पावसाळ्यात आम्ही वस्तीतल्या, कॉलेजात जाणाऱ्या सहा मुला-मुलींना एकत्र केले. जवळच्या शाळेतील लहान मुलांसाठी माहितीची कार्डे तुम्हीच तयार करा, असे सुचवले. एका झाडाचे एक कार्ड. अट एकच : जे स्वतः पाहिले आणि वडीलधाऱ्यांना विचारले, तेच लिहायचे. आम्ही पडलो कारकून. हिशेबाची वही तेवढी आमच्याकडे राहिली. चोवीस कार्डांना कागद, झेरॉक्स आणि प्लास्टिकचे आवरण धरून ६४० रुपये लागले.

पहिलाच घोळ टाकळ्याचा झाला. कोकणातल्या मावशी टाकळा म्हणत आणि मराठवाड्यातून आलेल्या आजी तरोटा म्हणत. मुलांना ही दोन झाडे वाटली. मग त्यांनी दोन्हींच्या फांद्या शेजारी ठेवल्या. एकेका पानात लहान पानांच्या तीन जोड्या, पिवळे फूल, लांब बारीक शेंग. तिन्हीसांजेला जाऊन पाहिले, तर पाने मिटलेली. झाड एकच निघाले! कार्डावर दोन्ही नावे आली. खाली प्रश्न आला : "संध्याकाळी या झाडाची पाने कशी दिसतात? जाऊन पाहा." गटाराकाठची भाजी खाऊ नये, ही सूचनाही मुलांनीच घातली.

खरी अडचण पुढेच होती. कार्डावर 'माहिती देणाऱ्याचे नाव' अशी ओळ होती. आजी गटातल्या आपल्या नातीला म्हणाल्या, "माझं नाव नको लिहू, पोरी. लोक म्हणतील, ह्यांनी पाला खाल्ला." १९७२ च्या दुष्काळात त्यांनी अशाच पाल्यावर लेकरे जगवली होती. नात म्हणाली, "आजी, ज्याला माहीत असतं, त्याचंच नाव पुस्तकात येतं." आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लिही. पण आडनावासकट लिही."

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे स्थानिक संस्थेत समिती असावी लागते. तिने लोकांना विचारून लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. तीत झाडे-प्राणी, त्यांचे उपयोग आणि लोकांचे पारंपरिक ज्ञान यांची नोंद होते. आजींचे सांगणे कायद्याच्या लेखीही ज्ञानच आहे. पण ते लिहून घेणारी मुले घडली नाहीत, तर ते त्यांच्याबरोबरच जाईल.

पालक बंधू-भगिनींनो, पुढच्या प्रकल्पाला तयार तक्ता आणू नका. मुलाला वही-पेन्सिल द्या आणि आजीजवळ बसवा. झाडाचे नाव लिहून झाले, की सांगणाऱ्याचेही लिहायला सांगा.